खाडीची किंमत ठरली, पण पैसे कोणाच्या हातात?

डिसेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वर्सोवा ते भाईंदर या किनारी रस्त्यासाठी कांदळवनातली ४५ हजारांहून जास्त झाडं तोडायला मुंबई महापालिकेला परवानगी दिली. त्या बातमीनंतर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दोनच प्रकारची मतं फिरत होती. एक गट म्हणत होता, रोज तीन तास ट्रॅफिकमध्ये बसून दाखवा, मग झाडांचं बोला. दुसरा गट रडणारे इमोजी टाकून मोकळा झाला. त्या झाडांचा हिशेब कोणत्या दराने झाला आणि ती रक्कम कोणाच्या खात्यावर जमा होते, हे मात्र दोन्हीकडून कोणी विचारलं नाही.

याच न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी कांदळवनांचा नाश म्हणजे राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग, असा निकाल दिला होता. सार्वजनिक हिताचं काम असेल तरच आणि न्यायालयाची परवानगी घेऊनच झाड तोडता येईल, असं त्यात आहे. म्हणजे कांदळवनाला हात लावायचा तर आजही कोर्टाची पायरी चढावी लागते. ही चांगलीच गोष्ट आहे. पण पायरी चढून आलेल्या प्रत्येक प्रकल्पाकडे खर्च-फायद्याचा आकडा तयार असतो, आणि खाडीकाठच्या माणसाकडे आकडा नसतो. आज या आकड्यांविषयीच बोलायचं आहे, कारण पर्यावरणाच्या धोरणात सध्या ‘नैसर्गिक भांडवल’ आणि ‘परिसंस्थेच्या सेवा’ हे शब्द जोरात आहेत. आपल्या कोकणपट्टीतल्या कुटुंबांशी त्यांचा थेट संबंध आहे.

कोऱ्या रकान्याची गोष्ट

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या शाळेत शिकवतो. नववीच्या वर्गात जलसंपत्तीचा धडा चालू असताना आम्ही मुलांना एक घरचा अभ्यास दिला. वहीत दोन रकाने आखा. डाव्या बाजूला खाडीतून तुमच्या घरात काय येतं ते लिहा, उजव्या बाजूला तीच वस्तू बाजारातून आणली असती तर किती पैसे लागले असते ते लिहा. महिन्याचा हिशेब मांडायचा होता.

मुलांनी वह्या भरून आणल्या. कालवं, तिसऱ्या, चिंबोऱ्या, कोळंबी, बोय, निवट्या. पागाने मारलेली मासळी, ओहोटीला आई-दादी-खालांनी चिखलात उतरून गोळा केलेली शिंपली. कोणी चुलीला लागणारं सुकं लाकूड लिहिलं. एका मुलीने बकऱ्यांसाठी आणलेला तिवराचा पाला लिहिला आणि पुढे कंसात ‘हे तोडायला बंदी आहे सर’ अशी प्रामाणिक टीपही दिली. रकमा फार मोठ्या नव्हत्या, पण ज्या घरात आखातातून येणारी मनीऑर्डर कधीच बंद झाली आहे, तिथे त्या रकमांवर आठवड्याचे दोन-तीन दिवस निघतात हे आम्हाला पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं.

एका मुलाने डाव्या रकान्यात शेवटची ओळ लिहिली होती, ‘उधाणाचं पाणी घरात येत नाही.’ उजवा रकाना कोरा. विचारलं तर म्हणाला, “सर, हे दुकानात मिळत नाय, मग भाव कुठून लिहू?”

जगभरातले अर्थशास्त्रज्ञ गेली तीस वर्षं हा कोरा रकाना भरण्याच्या मागे आहेत. १९९७ मध्ये रॉबर्ट कोस्टान्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञान पत्रिकेत एक हिशेब मांडला. पूर अडवणं, पाणी गाळणं, परागीभवन, माती धरून ठेवणं अशा १७ सेवा त्यांनी मोजल्या आणि पृथ्वीवरची सगळी निसर्गव्यवस्था वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलरचं काम करते, असा अंदाज दिला. त्या वेळी साऱ्या जगाचं एकूण उत्पन्न १८ लाख कोटी डॉलरच्या आसपास होतं. या आकड्यावर खूप टीका झाली. एका अर्थशास्त्रज्ञाने टोमणा मारला की अनंताची किंमत यांनी जरा कमीच धरली. टोमणा बरोबर आहे. निसर्गच नसेल तर ३३ लाख कोटी मोजायला माणूसही नसेल. पण त्या आकड्याने एक काम केलं. ज्या रकान्यात आजवर शून्य धरलं जात होतं, तिथे शून्य नाही हे सरकारांच्या लक्षात आलं. मार्च २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी देशांच्या हिशेबात निसर्गाची नोंद कशी करायची याची पद्धत मान्य केली, ती याच वाटेवरची.

नैसर्गिक भांडवल ही कल्पना आपल्या घरांत समजावायला फार कष्ट नकोत. वक्फ म्हणजे काय, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. मूळ मालमत्ता विकायची नाही, तिच्यातून जे येईल त्यावर मदरसा, मुसाफिरखाना, गरिबांचं जेवण चालवायचं. मूळ ते मूळ, उत्पन्न ते उत्पन्न. खाडी, जंगल, भूजल हे मूळ. मासळी, पाणी, वादळापासून मिळणारा आडोसा हे उत्पन्न. आज देशाचा जीडीपी काढताना गडबड होते ती इथेच. जंगल तोडून लाकूड विकलं की ती विक्री कमाईत धरली जाते, मूळ संपलं याची वजाबाकी कुठे होत नाही. मुतवल्लीने जमीन विकून ‘यंदा उत्पन्न चांगलं झालं’ असं सांगितलं तर आपण त्याला काय म्हणू?

ओडिशाच्या तीन गावांचा हिशेब

उधाणाच्या आडोशाची किंमत काढता येते का? येते, आणि आपल्याच देशात काढली गेली आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशाला महाचक्रीवादळाचा तडाखा बसला. त्यानंतर भारतीय वन्यजीव संस्थेच्या रुची बडोला आणि सय्यद ऐनुल हुसैन यांनी भितरकनिका परिसरातल्या तीन गावांची तुलना केली. एका गावाला कांदळवनाचा आडोसा होता. दुसऱ्या गावाला कांदळवनही नव्हतं आणि बांधही नव्हता. तिसऱ्या गावाला कांदळवन नव्हतं, पण सरकारने घातलेला बांध होता. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दर कुटुंबाचं नुकसान असं निघालं: कांदळवनामागच्या गावात सुमारे ३३ डॉलर, दोन्ही नसलेल्या गावात ४४, आणि बांध असलेल्या गावात तब्बल १५४ डॉलर.

बांधाच्या गावात सगळ्यात जास्त नुकसान, हे वाचून वर्गातल्या मुलांना धक्का बसला, पण त्यांच्या आजोबांना बसला नसता. बांध फुटला की खारं पाणी आत शिरतं आणि मग तोच बांध ते पाणी बाहेर जाऊ देत नाही. आपल्याकडे खारभूमीचे बांध आहेत. एकदा उधाणाने बांधाला भगदाड पडलं आणि वेळेत बुजवलं नाही तर त्या खाचरात पुढे किती वर्षं भात येत नाही, हे सांगायला कृषी अधिकारी लागत नाही. कांदळवन लाटेचा जोर मोडतं आणि पाण्याला परत जायला वाटही ठेवतं. त्याच ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्याचा सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यासही हेच सांगतो की गाव आणि समुद्र यांच्यामधला कांदळवनाचा पट्टा जितका रुंद होता, तितकी त्या वादळात माणसं कमी मेली.

म्हणजे त्या मुलाचा कोरा रकाना भरता येतो. आता पुढचा प्रश्न. आपल्या देशात तो कोणी भरला, आणि काय भरलं?

एका गुंठ्याचे सोळा हजार

अनेकांना वाटतं हे सगळं परदेशी खूळ आहे. तसं नाही. जंगलाला पैशांत मोजणं आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गेली वीसहून जास्त वर्षं चालू आहे. १९९५ मध्ये तामिळनाडूच्या निलगिरी भागातल्या जंगलतोडीविरुद्ध टी. एन. गोदावर्मन यांनी याचिका केली. त्या खटल्यात २००२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की ज्याला जंगलाची जमीन दुसऱ्या कामासाठी हवी आहे त्याने त्या जंगलाचं ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावं. ते झाडं लावण्याच्या खर्चाशिवाय वेगळं द्यायचं. दर ठरवायला अर्थतज्ज्ञ कांचन चोप्रा यांची समिती नेमली गेली, आणि मार्च २००८ मध्ये दर पक्के झाले. सगळ्यात घनदाट आणि वरच्या वर्गातल्या जंगलाला हेक्टरी १०.४३ लाख रुपये. कांदळवनं ज्या गटात येतात त्या किनाऱ्यावरच्या दलदलीच्या जंगलांनाही हाच वरचा दर. अभयारण्य असेल तर पाचपट, राष्ट्रीय उद्यान असेल तर दहापट. जानेवारी २०२२ मध्ये हे दर वाढवले आणि वरचा दर हेक्टरी १५.९५ लाखांच्या आसपास गेला.

लाख ऐकले की माणूस दबतो. आम्ही फळ्यावर भागाकार केला. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. एका चौरस मीटरला साधारण १६० रुपये. गुंठ्यात मोजलं तर सोळा हजार. चौरस फुटात मोजलं तर पंधरा रुपयेही नाहीत. घरात लावायची सगळ्यात साधी फरशीही या दरात मिळत नाही. आणि हे दरवर्षी द्यायचं भाडं नाही हं, एकदाच भरायचं. एकदा पंधरा रुपये फूट मोजले की पुढच्या सगळ्या पिढ्यांचा हिशेब मिटला.

खाडीकाठच्या बिनशेती जमिनीचा भाव गुंठ्याला आज काय आहे ते तुम्हीच सांगा. त्याच भावाशेजारी ही सोळा हजारांची रक्कम ठेवली की प्रकल्पाचा आराखडा काढणारा माणूस कांदळवनाकडेच का वळतो हे कळतं. जिवंत कांदळवन सगळ्यात स्वस्त जागा ठरते. निसर्गाला किंमत नसल्याने तो जातो, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. इथे तो किंमत कमी लावल्याने जातोय. आता ती किंमत प्रकल्पाच्या खर्चातली एक छोटी ओळ झाली आहे, सिमेंट-सळईच्या खालची.

किंमत वाढवली तर प्रश्न सुटेल का? त्याचंही एक उदाहरण आहे. पश्चिम बंगालमध्ये बारासात ते पेट्रापोल या जुन्या जेसोर रोडवर रेल्वेचे उड्डाणपूल बांधायचे होते आणि त्यासाठी ३५६ झाडं तोडायची होती. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने फेब्रुवारी २०२१ मध्ये हिशेब दिला की एक झाड वर्षाला ७४,५०० रुपयांचं काम करतं, त्यातले ४५ हजार नुसत्या ऑक्सिजनचे. शंभर वर्षांपलीकडच्या झाडाची किंमत एक कोटीच्या वर जाऊ शकते. या हिशेबाने तिथल्या जुन्या झाडांची किंमत दोनशे कोटींच्या पुढे गेली. देशभर मथळे झाले.

दोनच महिन्यांनी करोनाची दुसरी लाट आली आणि लोक सिलिंडरसाठी रात्र-रात्र रांगा लावू लागले, तेव्हा तो ४५ हजारांचा आकडा पुन्हा मोबाइलवर फिरला. इथे विज्ञानाचं थोडं स्पष्ट बोलायला हवं. झाडाचा ऑक्सिजन आणि रुग्णालयातला ऑक्सिजन यांची गल्लत करू नये. सिलिंडरमधला वायू कारखान्यात हवा थंड करून वेगळा काढलेला असतो. झाड तोडलं म्हणून त्या गावात कोणी गुदमरत नाही. झाडाची खरी सेवा सावली, पाणी मुरवणं, माती धरणं, पाखरांना जागा ही आहे, आणि ती नेमकी मोजायला अवघड म्हणून बाजारभाव सहज मिळणाऱ्या ऑक्सिजनवर सगळा भार टाकला जातो. मोजायला सोपं ते मोठं दिसतं, अवघड ते कोरं राहतं. परीक्षेतही असंच होतं, ते असो.

त्या दोनशे कोटींचं पुढे काय झालं? फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३०६ झाडं तोडायला परवानगी दिली. रेल्वे फाटकावर अपघात होतात, माणसं मरतात, हा मुद्दा वजनदार ठरला. आम्ही त्या निकालाला नावं ठेवत नाही. माणसाचा जीव आणि झाड समोरासमोर आलं तर निवड सोपी नसते. पण झाडाला कोटीचा भाव लावला म्हणजे झाड वाचलं, हा समज त्या दिवशी मोडला. किंमत ही ढाल आहे असं आपण समजतो. पुष्कळदा ती परवान्याची फी निघते.

जमा झाले, पण कुठे?

आता मुख्य गोष्ट. कांचन चोप्रा समितीने नुसते दर सुचवले नव्हते. जंगल गेल्यावर नुकसान कोणाकोणाचं होतं याचीही विभागणी तिने केली होती. सरपण, चारा, रानातली फळं-मासळी गेली तर नुकसान स्थानिक माणसाचं. इमारती लाकूड, पर्यटन गेलं तर राज्याचं. पाणलोट, जैवविविधता, कार्बन गेला तर साऱ्या देशाचं. म्हणून भरलेल्या रकमेचेही असेच वाटे व्हावेत, स्थानिकांचा वाटा स्थानिकांपर्यंत जावा, असा तिचा रोख होता. शहाणपणाची सूचना होती.

दर स्वीकारले गेले, वाटणी मागे पडली. २०१६ मध्ये संसदेने प्रतिपूरक वनीकरण निधीचा कायदा केला, ज्याला सगळे कॅम्पा म्हणतात. त्यात ९० टक्के रक्कम राज्याच्या निधीत आणि १० टक्के केंद्राच्या निधीत जाते. खर्च मुख्यतः वनखात्यामार्फत होतो. नियमांत ग्रामसभेशी सल्लामसलतीचा उल्लेख आहे, पण ज्या घरातून कालवं आणि मासळी गेली त्या घराला त्यातून थेट हिस्सा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने २७ राज्यांना मिळून ४७,४३६ कोटी रुपये एका दिवशी वर्ग केले, इतकी ही रक्कम मोठी झाली होती. भाव त्या मुलाच्या दादीच्या नुकसानीचा लावायचा आणि पावती दुसऱ्याच्या नावाने फाडायची, असा हा व्यवहार आहे.

बरं, त्या पैशांतून निदान तेवढं जंगल तरी उभं राहिलं का? देशाचे महालेखापाल म्हणजे कॅग यांनी २०१३ च्या अहवालात तपासणी केली. २००६ ते २०१२ या काळात जंगलाच्या बदल्यात १,०३,३८१ हेक्टर वनेतर जमीन मिळायला हवी होती. मिळाली २८,०८६ हेक्टर. तिच्यातल्या ७,२८० हेक्टरवर झाडं लागली, म्हणजे देणं होतं त्याच्या सात टक्के. आमच्या वर्गात सात टक्के मिळवणाऱ्या मुलाला आम्ही वरच्या वर्गात ढकलू शकत नाही.

आणि झाडं लावली तरी कुठे? ग्रेट निकोबार बेटावर बंदर, विमानतळ आणि शहर उभारायला सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळवायचं आहे, आणि त्याच्या बदल्यातलं वनीकरण हरियाणात करायचं ठरलं. कागदावर हेक्टरला हेक्टर जुळतो. पण निकोबारच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या कासवाने हरियाणाची गाडी कोणत्या स्टेशनावरून पकडायची? किनारी नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत रस्त्यासाठी कांदळवन गेलं तर तिप्पट क्षेत्रावर कांदळवन लावायची अट आहे. वाचायला छान. पण एका खाडीतलं कांदळवन काढून दुसऱ्या खाडीत तिप्पट लावलं तर फायदा त्या दुसऱ्या खाडीचा. पहिल्या खाडीच्या बाईला तिथे जाऊन कालवं काढायला कोण नेणार आहे?

परदेशात वेगळं घडलेलं आहे. न्यूयॉर्क शहराचं पिण्याचं पाणी कॅट्सकिल डोंगरातून येतं. ते बिघडू लागलं तेव्हा शहरापुढे सहा ते आठ अब्ज डॉलरचा गाळणी प्रकल्प बांधण्याची वेळ आली. त्याऐवजी १९९७ मध्ये शहराने डोंगरातल्या गावांशी करार केला आणि त्याच्या एका अंशात तिथल्या शेतकऱ्यांना, ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थांना पैसे देऊन जमीन आणि ओढे स्वच्छ ठेवले. इथे किंमत काढली गेली आणि ती सेवा राखणाऱ्याच्या हातात पोचली. तिथेही कुरबुरी झाल्या, शहराचा जाच नको म्हणून गावं भांडली. पण ती टेबलावर बसून भांडली, त्यांच्याकडे देण्यासारखं काहीतरी आहे हे शहराने मान्य केलं होतं.

आपल्या महाराष्ट्रात असं एकदा तरी झालं, आणि तेही कोणी मेहरबानी म्हणून केलं नाही. उरण-पनवेलकडच्या कोळीवाड्यांतल्या पारंपरिक मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे अर्ज केला. बंदराच्या विस्तारात कांदळवनं गेली, भराव पडला, भरती-ओहोटीचं पाणी अडलं, मासळीच्या पैदाशीच्या जागा आणि होड्या न्यायच्या वाटा बंद झाल्या, असं त्यांचं म्हणणं होतं. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी लवादाने १,६३० कुटुंबांना मिळून सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. भागाकार केला तर दर कुटुंबाला ५ लाख ८४ हजार. गुंठ्याला सोळा हजारांच्या दरात खाडी मोजणारा हिशेब आणि घरटी पावणेसहा लाखांचा हिशेब यांची तुलना करून बघा. खाडी तशीच, चिखल तसाच. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी मोजायला सुरुवात माणसाच्या चुलीपासून झाली.

म्हणून निसर्गाला पैशांत मोजू नये असं म्हणणाऱ्यांशी आम्ही पूर्ण सहमत नाही. आपल्यातल्या काही बुजुर्गांना हा सगळा प्रकारच पटत नाही. जी नेमत आहे तिचा भाव काय लावता, असं ते म्हणतात. त्यांच्या भावनेचा आदर आहे. पण सरकारी फाइलमध्ये भाव नसलेल्या गोष्टीपुढे शून्य लिहिलं जातं, आणि शून्यापेक्षा आकडा बरा. अट एकच असावी. आकडा लावताना नुकसान कोणाचं हे नावानिशी लिहावं, आणि पैसे त्याच नावावर जावेत. रस्ते नकोत असंही आमचं म्हणणं नाही. आमचीच मुलं मुंबई-गोवा महामार्गाने कॉलेजला जातात. त्या रस्त्याचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, सावली देणारी झाडं मात्र आधी गेली. रस्ता मिळेपर्यंत काय काय दिलं याची मोजदाद असावी, एवढंच.

आपल्या हातात काय आहे

मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण परवानगी देण्याआधी २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात द्यायची असते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करायचा असतो. तो सारांश मागायचा आणि त्यात ‘मच्छीमारांवर परिणाम’ या मथळ्याखाली काय लिहिलंय ते वाचायचं. पुष्कळदा दोन ओळी असतात. त्या दोन ओळींच्या जागी गावाचा हिशेब लेखी द्यायचा, पोच घ्यायची. नुसतं भाषण केलं तर ते इतिवृत्तात ‘विरोध दर्शवला’ एवढ्या दोन शब्दांत संपतं.

लवादाकडे भरपाई मागायची तर कारण घडल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. भराव पडून आठ-दहा वर्षं झाल्यावर जागे झालो तर दार बंद.

तिसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गावात कोणती झाडं, मासळी, औषधी वनस्पती आहेत, कोण त्यांचा वापर करतं, हे गावानेच लिहायचं. म्हणजे नववीच्या मुलांना आम्ही दिलेला अभ्यास सरकारने वीसहून जास्त वर्षांपूर्वीच गावांना दिलेला आहे.

आम्ही जवळच्या एका ग्रामपंचायतीत ही नोंदवही बघायला मागितली. वही निघाली, छान बांधणीची. झाडांची यादी होती, पक्ष्यांची होती. खाडीच्या पानावर सहा माशांची नावं, तीही पुस्तकी. कालवं नाहीत, तिसऱ्या नाहीत, ओहोटीला चिखलात उतरणारी एकही बाई नाही. ज्यांनी वही भरली त्यांचा दोष नाही, ते बाहेरून आले होते आणि भरतीच्या वेळी आले असावेत.

मुलांच्या वह्यांतून पक्की यादी करून पंचायतीला द्यायची असं शाळेत ठरलं. पालकांची बैठक घेतली. पुरुषांनी होड्यांची, जाळ्यांची नावं सांगितली, कारण त्यांच्याकडे मच्छीमार सोसायटीचं कार्ड आहे, नोंद आहे. बायका मागे बसल्या होत्या. त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर खालांना आम्ही विचारलं की कालवं काढणाऱ्या किती जणी, कोणत्या खडकावर, कधीपासून. त्यांनी खडकांची नावं घडाघडा सांगितली, त्यांच्या सासूच्या वेळची सुद्धा. मग आम्ही पेन उघडलं तशा थांबल्या.

“सर, खडकाचं नाव लिहा. आमचं नको. सातबारावर आमचं नाव नाय, सोसायटीत नाय. उद्या कोणी विचारलं तुम्ही कोणाच्या हुकमानं इथं उतरता, तर काय दाखवू?”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. १,६३० कुटुंबांच्या त्या खटल्यात गेलेलं नुकसान सिद्ध करायला कागद लागले होते, आणि इथे कागदावर नाव आलं तर असलेलंही जाईल अशी धास्ती आहे. शेवटी असं ठरलं की पुढच्या मोठ्या ओहोटीला दोन शिक्षिका बायकांसोबत खडकावर जातील. तारीख, वेळ, जागा आणि किती जणी उतरल्या एवढं लिहितील. नावांचा रकाना आखून ठेवायचा, भरायचा की नाही ते बायकांनी ठरवायचं. अमावास्या येत्या मंगळवारी आहे.